मुंबईच्या पोरांना क्रिकेटच्या मैदानासाठी साहेबांच्या घोड्यांशी भांडावं लागलं होतं

आझाद मैदान म्हटलं की वैराग, बार्शीकडच्या माणसाला आधी आठवतो तो मोर्चा. मागण्या घेऊन मुंबईला निघालेल्यांचा शेवटचा मुक्काम हाच. पण त्याच मैदानाच्या दुसऱ्या बाजूला रोज शेकडो शाळकरी पोरं पांढरे कपडे घालून क्रिकेट खेळत असतात. इथं एक-दोन नाही, तब्बल 22 पीच आहेत. एकाच्या मिडविकेटला दुसऱ्याचा स्लिपवाला उभा, अशी गर्दी.

आता प्रश्न पडतो, जिथं पाय ठेवायला जागा नाही त्या मुंबईत, तेही सीएसएमटीसमोर, एवढं मैदान शिल्लक कसं राहिलं?

तर सुरुवात होते तोफांपासून. मुंबईत इंग्रजांचा कोट होता, म्हणजे आजचा फोर्ट भाग. शत्रू चालून आला तर तोफांना समोरचं स्वच्छ दिसावं म्हणून कोटाबाहेरची जागा मोकळी ठेवली होती. तिला एस्प्लनेड म्हणायचे. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात कोटाच्या भिंती पाडल्या, पण मोकळ्या जागेचा बराचसा भाग राहिला. त्याचेच पुढे तुकडे पडले, ते म्हणजे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज.

या जागेवर इंग्रज शिपाई क्रिकेट खेळायचे. ते बघून पारशी पोरांनीही बॅट हातात घेतली. 1848 मध्ये पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. बघता बघता हिंदू आणि मुसलमान पोरंही खेळायला लागली.

मग घोडे आले कुठून?

1875 मध्ये मैदानाच्या एका कोपऱ्यात बॉम्बे जिमखाना उभा राहिला. प्रवेश फक्त गोऱ्यांना. त्यांचं क्रिकेटचं मैदान वेगळं होतं, तिथं हिंदी माणसाला खेळायची मुभा नव्हती. पण साहेबांना पोलोही खेळायचा होता आणि त्यासाठी त्यांनी निवडली नेमकी हिंदी पोरांची जागा.

पोलो म्हणजे घोड्यावर बसून खेळायचा खेळ. घोडे दौडले की खुरांनी जमीन उखडायची, खड्डे पडायचे. दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवर क्रिकेट खेळायचं म्हणजे बॉल कुठं उसळेल याचा नेम नाही.

तेव्हा पुढं आले शापूरजी सोराबजी. स्वतः क्रिकेट खेळणारे पारशी गृहस्थ. 1881 मध्ये त्यांच्या पुढाकाराने शेकडो खेळाडूंच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. म्हणणं साधं होतं. पोलो खेळणारे मोजके, क्रिकेट खेळणारे शेकडो. मोजक्यांच्या हौसेपायी शेकडो पोरांचं मैदान का खराब करायचं?

सरकारने आधी ऐकलं आणि पोलो कूपरेजला हलवायला सांगितलं. पण जिमखान्याने वजन वापरलं, निर्णय फिरला आणि घोडे परत आले. अर्ज पुन्हा गेले, उत्तरं थंड आली. ही सगळी हकीकत शापूरजींनी 1897 मध्ये पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला कळते.

शेवटी काय झालं?

उत्तर काही प्रमाणात मैदानावरच मिळालं. 1890 मध्ये पारशी संघाने इंग्लंडहून आलेल्या व्हर्ननच्या संघाला हरवलं. समुद्रात भराव टाकून तयार झालेल्या जमिनीवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हला, पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना जागा मिळाल्या. पण त्या धर्मानुसार वाटलेल्या होत्या. ज्याच्यामागे जिमखाना नाही त्या पोराला आसरा होता तो जुन्या मैदानाचाच.

1906 मध्ये हिंदू संघाने गोऱ्यांच्या संघाला हरवलं, तेही बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. दलित समाजातले बाळू पालवणकर त्या संघात होते. 1933 मध्ये भारतातली पहिली कसोटी झाली तीही इथंच आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकलं.

शेजारच्या मोकळ्या मैदानावर स्वातंत्र्याच्या सभा गाजल्या आणि त्याला आझाद हे नाव चिकटलं. इथंच 1988 मध्ये हॅरिस शिल्डच्या मॅचमध्ये सचिन आणि विनोद कांबळी या शाळकरी पोरांनी 664 रन्सची नाबाद भागीदारी केली. 2013 मध्ये पृथ्वी शॉने एका डावात 546 रन्स काढले, तेही इथंच.

आजही मैदानावर अनेकांचा हक्क आहे. एक भाग आंदोलनांसाठी आहे. मेट्रोच्या कामासाठी काही भागावर पत्रे लागले, तेव्हा पीच गेले आणि पोरांना वाट बघावी लागली.

गावाकडेही चित्र फार वेगळं नाही. ज्वारी निघाली की रान मोकळं व्हायचं आणि पोरं स्टंप रोवायची. आता रस्त्यालगतच्या रानांत प्लॉट पडतायत आणि खेळायची जागा मागं मागं सरकतेय. मैदान जातंय हे पोरांना सगळ्यात आधी कळतं, पण त्यांच्या सहीला किंमत नसते. 1881 मध्ये मुंबईत तो अर्ज मोठ्या माणसांना लिहावा लागला होता.