प्रोग्रॅमिंगचं पहिलं पुस्तक घेताय?
आधी आवृत्ती बघा! पायथन २ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याची पुस्तकं अजून सापडतात. ओळखायची खूण सोपी: उदाहरणांत 'प्रिंट'च्या पुढे कंस नसेल, तर पुस्तक खाली ठेवा. त्यातला पहिलाच प्रोग्रॅम आजच्या पायथनवर अडतो आणि नवख्याला वाटतं, आपल्याला हे जमणारच नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं १९७८ चं पुस्तक थोरच, पण ते अगदी नवशिक्यांसाठी नाही, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितलंय. ते नंतर वाचा, जरूर वाचा.

सुरुवातीला मी सुचवेन अल स्वाइगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन'. शेकडो फायलींची नावं बदलणं, एक्सेलमधली माहिती वेचणं अशी रोजची कंटाळवाणी कामं त्यात प्रोग्रॅमकडून करून घ्यायला शिकता येतं. लेखकाच्या संकेतस्थळावर ते मोफत वाचता येतं. फक्त एक करा, उदाहरणं कॉपी-पेस्ट न करता स्वतः टाइप करा. चुका होतील, त्या शोधतानाच खरी गंमत येते!