एका दिवसाचं लेखन, ४३ वर्षांचं वाचन

एप्रिल २००७मध्ये टेक्नोराती या ब्लॉग शोधून देणाऱ्या कंपनीने आपली मोजदाद जाहीर केली. त्यांच्या नोंदीत ७ कोटींहून अधिक ब्लॉग होते. रोज १ लाख २० हजार नव्यांची भर पडत होती आणि दिवसाला १५ लाख नवे लेख चढत होते, म्हणजे सेकंदाला १७. एक लेख वाचायला पाच मिनिटं धरा. रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता वाचत बसलं, तरी त्या एका दिवसाचं लेखन संपायला जवळजवळ ४३ वर्षं लागतील. एवढ्यात माणसाची नोकरी सुरू होऊन निवृत्तीही होते!

यातले बहुतेक लिहिणारे व्यवसायाने लेखक नव्हते. पाककृती, गडवाटा, आजारपणाची रोजनिशी, गावच्या जत्रेचं वर्णन, संगणकाच्या अडचणींवरचे उपाय असं जे ज्याला ठाऊक होतं, ते त्याने लिहिलं. ना संपादक, ना मानधन. सामान्य माणसांनी एवढं लिहावं आणि ते अनोळखी माणसांनी वाचावं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

टेक्नोरातीच्या त्याच अहवालातला एक आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तेव्हा सर्वाधिक लेखन इंग्रजीत नव्हतं, जपानीत होतं: जपानी ३७ टक्के, इंग्रजी ३६. जपानी ही जगातल्या जेमतेम दोन टक्के लोकांची भाषा. पण ते लोक थोडं थोडं, वारंवार आणि आपल्याच भाषेत लिहीत राहिले. आता मराठीचं पाहा. २०११च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. मायबोली हे मराठी संकेतस्थळ तर १९९६पासून सुरू आहे. देशातले आणि परदेशातले मराठी लोक तिथे गझलेपासून भाजणीच्या प्रमाणापर्यंत सगळ्यावर तावातावाने बोलत आले आहेत. आपल्याला माणसं कमी पडत नाहीत, लिहिणारे हात कमी पडतात.

आणि जे लिहिलं जातं, ते टिकतंच असं नाही. जिओसिटीज या संकेतस्थळावर लोकांनी स्वतः बांधलेली किमान ३ कोटी ८० लाख पानं होती. विज्ञानकथांची वेगळी पेठ, सिनेमाची वेगळी, अशी तिथे वस्तीच वसली होती. याहूने १९९९मध्ये ती साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतली आणि ऑक्टोबर २००९मध्ये बंद केली. एका पानाला एक कागद धरून ती पानं एकावर एक रचली, तर चळत ३,८०० मीटर उंच होईल: कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवूनही ५०० मीटर उरतील. त्यातली बरीच पानं बचावली, ती धावपळ करून उतरवून घेणाऱ्या स्वयंसेवकांमुळे.

गूगलचं ऑर्कुट हे समाजमाध्यम सप्टेंबर २०१४मध्ये मिटलं. त्यावर ५ कोटी १० लाख कम्युनिटी होत्या आणि सुमारे १०० कोटी संदेश. त्यांचा जपून ठेवलेला संग्रहही गूगलने पुढे काढून टाकला. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४मधल्या अहवालानुसार २०१३मधल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. दगडावरचा शिलालेख हजार वर्षं टिकतो आणि आपलं लेखन दहा वर्षंही धड टिकत नाही, हे मला अस्वस्थ करतं.

उलट बाजूला इंटरनेट अर्काइव्ह ही विनानफा संस्था उभी आहे. तिच्या वेबॅक मशीनने १ लाख कोटी पानं जपल्याचं २०२५मध्ये जाहीर झालं. त्यांची तशीच चळत रचली, तर १ लाख किलोमीटर भरेल, म्हणजे चंद्राच्या वाटेचा चौथा हिस्सा.

वेबॅक मशीनवर कुणीही पत्ता टाकून पान जपायला देऊ शकतं, पैसे लागत नाहीत. ब्लॉगर या ब्लॉगसेवेच्या सेटिंग्जमध्ये सगळा ब्लॉग उतरवून घ्यायची सोय आहे. तुमचा जुना ब्लॉग असेल, आई-वडिलांचा किंवा मित्राचा असेल, तर आजच त्याची प्रत काढून ठेवा. आणि लिहिणं थांबलं असेल, तर पुन्हा सुरू करा. मराठीतच.