कर्बाचें कवच असलेले लोहकण : त्यांची कृति व शेतकीशीं संबंध

सांप्रत खतांच्या बाटल्यांवर ‘नॅनो’ हा शब्द वरचेवर दिसूं लागला आहे. इ. स. २०२१ मध्यें इफ्को या सहकारी संस्थेचा द्रवरूप नॅनो युरिया बाजारांत आला व तेव्हांपासून हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोंचला. उद्यां कोणी ‘नॅनो लोह’ म्हणून काळी पूड पुढें केली, तर ती उसाच्या केवड्यावर टाकावी कीं काय, असा प्रश्न शेतकऱ्यास सहजच पडेल. म्हणून प्रयोगशाळांत तयार होणाऱ्या एका विशिष्ट लोहकणाची माहिती येथें दिली आहे.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारें ८०,००० नॅनोमीटर असते. प्रस्तुत कण बहुधा ५ ते ५० नॅनोमीटरांचे असतात. इतकें बारीक लोखंड कुटून अगर दळून सहसा मिळत नाहीं, आणि मिळालें तरी टिकत नाहीं. पिंपरीच्या संत तुकाराम नगरापासून जवळच भोसरीची औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांत यंत्राखालीं पडणारा लोखंडी कीस लोहचुंबकास झटकन चिकटतो, व पावसाळ्यांत उघडा राहिला तर गंजतो. हाच कीस हजारों पट बारीक झाला, तर तो नुसता गंजून थांबत नाहीं. हवा लागतांच आपोआप पेट घेऊं शकतो. ढेकूळ फोडलें म्हणजे माती लवकर भिजते, कारण पाण्यास अधिक अंग मिळतें; तसेंच येथें हवेस लोहाचें अधिक अंग मिळतें. याकरितां कणाभोंवतीं कर्बाचें कवच हवें.

तें घालण्याची मुख्य रीति वेल्डिंगसारखीच आहे. ग्राफाइट, म्हणजे शिसपेन्सिलींतील काळा पदार्थ, हा कर्बाचाच एक प्रकार. त्याच्या दोन कांड्या समोरासमोर ठेवतात. एकीस भोंक पाडून त्यांत लोहाची पूड भरतात. हवा काढून हेलियम वायु भरलेल्या बंद पात्रांत दोहोंमध्यें विजेची ज्योत पेटवितात. त्या प्रचंड उष्णतेनें कर्ब व लोह दोन्हींची वाफ होते, आणि ती निवतांना लोहाचे सूक्ष्म थेंब गोठून त्यांवर कर्बाचे पापुद्रे चढतात. पात्राच्या भिंतीवर काजळी जमते. चुंबकानें तींतील लोहकण वेगळे काढून ते हायड्रोक्लोरिक आम्लांत धुतात. ज्या कणांचें कवच अपुरें राहिलें असेल त्यांतील लोह विरघळून जातें व ज्यांचें कवच पुरें आहे तेवढेच शिल्लक राहतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; तिचें प्रयोजन पुढें येईल.

दुसरी रीति साखरेची आहे. लोहाच्या ऑक्साइडचे कण ग्लुकोजच्या पाण्यांत घालून बंद पोलादी भांड्यांत १६० ते १८० अंश सेल्सियसपर्यंत तापविले म्हणजे साखर काळी पडून तिचा थर कणांवर बसतो. शुद्ध लोहाचा गाभा हवा असल्यास पुढें हवेवांचून आणखी तापवावें लागतें.

या कणांचें काम ओझें वाहण्याचें आहे. कर्बाच्या अंगावर औषध चिकटवितां येतें आणि आंतील लोहामुळें बाहेरून चुंबकानें कण ओढतां अगर थोपवितां येतो. ही कल्पना प्रथम वैद्यकांत निघाली. पिकांवर तिचा प्रयोग स्पेन देशांतील कोर्दोबा व झारागोझा येथील संशोधकांनीं केला. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामांत भोपळ्याच्या जातीच्या रोपांत हे कण घालून सूक्ष्मदर्शकानें शोधले व चुंबकानें अडवून पाहिले. २०१० मध्यें वाटाणा, सूर्यफूल, टोमॅटो व गहूं यांच्या मुळांस कण देतां ते पाण्याच्या नळ्यांवाटे वर चढले. मात्र सर्व पिकांत सारखे नव्हे.

या खटाटोपाचें कारण आपल्याकडेही लागू आहे. ज्वारीवरील टारफुला किंवा तंबाखूवरील बंबाखू हीं परोपजीवी तणें यजमान पिकाचा रस शोषतात. तणनाशक पिकास न बाधतां रसावाटे थेट तणांत जावें, अशी ही आशा आहे. ती शेतांत उतरलेली नाहीं. आणि एकरभर ज्वारीच्या ताटागणिक चुंबक कोण बांधीत बसणार, हेंही पाहिलें पाहिजे. तूर्त टारफुला फुलावर येण्यापूर्वीं उपटणें, हेंच हातचें काम.

सांडपाण्याच्या बाबतींत मला अधिक आशा वाटते. कर्ब रंग व तेलकट द्रव्यें धरून ठेवतो. साधी कोळशाची बारीक पूड पाण्यांतून परत काढणें जिकिरीचें असतें, ही मात्र चुंबकानें निघते. पवना व इंद्रायणी यांच्या कांठच्या शेतकऱ्यांस दूषित पाण्याचें दुखणें सांगावयास नको. परंतु चुंबकाची ओढ थोड्या अंतरावरच चालते. वाहत्या नदींत हा उपाय व्यर्थ होय. तो कारखान्याच्या हौदांतच, पाणी नदींत सोडण्यापूर्वीं, करावयाचा.

आतां केवडा. चुनखडीच्या जमिनींत लोह असतेंच, पण तें न विरघळणाऱ्या रूपांत अडकतें. म्हणून कोंवळीं पानें पिवळीं पडतात व शिरा हिरव्या राहतात. पिकास विरघळणारें लोह हवें. जें कवच तीव्र आम्लांतही लोहास बाहेर येऊं देत नाहीं, तें उसाच्या मुळास काय देणार? सात-बारावर पीक लिहिलें म्हणून तें शेतांत उभें असतेंच असें नाहीं, हें तलाठ्याचें दप्तर हाताळलेल्यास ठाऊक आहे. बाटलीवरील ‘लोह’ या शब्दाचेंही तसेंच. केवड्यास हिराकसच योग्य. उसास हेक्टरीं २५ किलो हिराकस दसपट शेणखतांत मिसळून पांच-सहा दिवस मुरवून सरींत द्यावा. फवारणीस १०० लिटर पाण्यांत ५०० ग्रॅम पुरे.

खत म्हणून कोणी नवा नॅनो पदार्थ विकूं लागल्यास खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वयें तो अधिसूचित आहे काय, हें विक्रेत्यास विचारावें व पक्की पावती घ्यावी. अशा पदार्थांच्या तपासणीकरितां केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें २०२० सालीं मार्गदर्शक तत्त्वें काढलेलीं आहेत. कोरडी पूड असल्यास ती उघड्या हातानें फेंकूं नये. इतके बारीक कण श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात.