दिवेलागणीची घालमेल

रात्री आठला ऑफिसातून घरी पोचावं, तर आजी पिशवी भरून दारात उभी. 'मला घरी सोड रे!' चाळीस वर्षं ती याच घरात राहतेय. अल्झायमर म्हणजे विसरणं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण घरच्यांना खरं दमवते ती ही घालमेल. बऱ्याच पेशंटना ती दिवस कलला की वाढते. डॉक्टर त्याला 'सनडाउनिंग' म्हणतात.

मग आपण काय करतो? नेटवरून गिंकोच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल, सुगंधी तेलं मागवतो. नॅचरल आहे ना, मग झालं!

लेमन बामचंच बघा. (डोकेदुखीचा बाम नव्हे, पुदिन्याच्या कुळातली वनस्पती.) २००२मध्ये ब्रिटनमध्ये ७२ पेशंटवर त्याच्या तेलाचा प्रयोग झाला. अस्वस्थता चक्क कमी झाली! पण २०११मध्ये ११४ जणांवर जास्त काटेकोर चाचणी झाली, तेव्हा बिनऔषधी तेलापेक्षा ते सरस ठरलं नाही. गंमत म्हणजे बिनऔषधी तेल लावलेलेही थोडे शांत झाले होते. मला विचाराल तर करामत तेलाची नसावी, रोज कुणीतरी हात हातात घेऊन ते चोळत होतं त्याची असावी. गिंकोचं म्हणाल, तर रक्त पातळ करणारं औषध चालू असताना त्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तेव्हा डॉक्टरांना न विचारता नकोच.

व्यायामाचं काय? डेन्मार्कमध्ये सौम्य अल्झायमर असलेल्या २०० जणांची चाचणी झाली. निम्म्यांनी १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर घाम गाळला. २०१६मध्ये निकाल आला. बुद्धीच्या मुख्य चाचणीत फरक नाही. पण चिंता, उदासी, चिडचिड अशा त्रासांचा एकत्रित स्कोअर व्यायामवाल्यांचा बरा निघाला. म्हणजे आजीला तुमचं नाव आठवेल ही आशा नको, संध्याकाळ थोडी सुसह्य होईल एवढीच.

अडचण एकच. कॅप्सूल ऑफिसच्या डेस्कवरून ऑर्डर करता येते, फेरफटका नाही. त्यासाठी पाच-साडेपाचला घरी कुणीतरी हवं. भावंडांत वार वाटून घ्या, बॉसकडे आठवड्यातून एक दिवस लवकर निघायची परवानगी मागा. रस्ता रोजचाच ठेवा, चपला न घसरणाऱ्या, खिशात फोन नंबरची चिठ्ठी. 'अगं, हेच आपलं घर!' असा वाद घालू नका. 'चल, जाऊन येऊ' म्हणा. आणि घालमेल एकाएकी वाढली, तर आधी डॉक्टर गाठा. कधीकधी कारण लघवीच्या इन्फेक्शनचं किंवा न सांगता येणाऱ्या दुखण्याचं असतं.