रूमवर रात्री खुडबुड करतंय ते नेमकं कोण?

रात्रीचे दोन. बोईसरच्या भाड्याच्या रूमवर मॅगी करायला उठलात, लाइट लावला आणि भिंतीच्या कडेकडेने काहीतरी सुळकन पळालं. आपण सगळे एकच शब्द ओरडतो, ‘उंदीर!’ पण ते उंदीर होतं का, हे बघायला कुणी थांबतं?

पुढच्या वेळी फक्त तोंड बघा. नाक लांब, टोकदार, सारखं हलणारं, डोळे अगदी बारीक आणि मागे उग्र वास राहिलाय? मग ती चिचुंद्री. ती उंदरांच्या कुळातली नाहीच, कीटकभक्षी आहे. तुमच्या मोरीतली झुरळं ती फुकटात संपवते. तिची पिल्लं एकमेकांच्या शेपटीकडची कातडी दातात धरून आईमागे रांगेत चालतात, अक्षरशः लोकलच्या डब्यांसारखी. तिला हाताने धरू नका, पण चप्पल घेऊन मागेही लागू नका. दार उघडं ठेवलंत तर ती आपणहून जाते.

चार्जरची वायर कुरतडली असेल तर मात्र तो खराखुरा उंदीर. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडणं ही त्याची गरज आहे. शेपूट शरीरापेक्षा लांब असेल आणि तो पाइपवरून सरसर चढत असेल, तर तो घरात राहणारा काळा उंदीर. याचं मूळ घर आपला भारतीय उपखंडच. इथूनच तो व्यापाराच्या वाटेने आणि जहाजांतून जगभर पोचला. पिटुकली उंदरी वेगळी. पेन्सिलीएवढ्या भोकातून ती आत येते आणि जेमतेम तीन आठवड्यांत विते. तेव्हा पिंजऱ्याआधी सिंकखालचं भोक सिमेंटने बुजवा. विष टाकून मेलेला उंदीर कपाटामागे सडतो, त्याचा वास ज्याने घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको. शिवाय विष खाल्लेला तोच उंदीर बाहेर धामण किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला, तर विष त्यांच्याही पोटात जातं.

आता थोडं सिरियस. पावसाळ्यात पालघर, बोईसर स्टेशनला जाताना गुडघाभर पाण्यातून आपण रोज चालतो, तेही सँडलमध्ये. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू त्या पाण्यात उतरतात. गुरं आणि कुत्र्यांमधूनही येतात. पायाला साधी जखम असली, टाच फुटलेली असली तरी त्यांना तेवढी वाट पुरते. ताप लगेच येत नाही, बहुतेकदा ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिनाही लागतो. तोवर ते पाणी आपण विसरलेलो असतो. ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्या ठणकणं ही लक्षणं दिसली, की मेडिकलमधून गोळी आणून झोपू नका. डॉक्टरकडे जा आणि ‘साचलेल्या पाण्यातून चाललो होतो’ हे स्वतःहून सांगा. वेळेत कळलं तर साध्या अँटिबायोटिक्सने बरं होतं. उशीर झाला तर किडनी आणि लिव्हरवर जातं.

स्टेशनपासून जरा आत, भातखाचरांकडे गेलात की राज्य घुशीचं. बांधावर बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला की समजायचं. बोगद्यासारख्या बिळात ती खोल्या करते आणि भाताच्या लोंब्या तोडून आत साठवते. इंग्रजीतला ‘बँडिकूट’ हा शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कू’वरून आलाय, अर्थ डुक्कर-उंदीर. चिडली की खरंच डुकरासारखी गुरगुरते.

भातकापणीनंतर ही बिळं खणणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत, कातकरी. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. ते बीळ खणून साठवलेलं धान्य काढतात आणि घूस, उंदीर भाजून खातात. कॉलेजच्या कट्ट्यावर यावरून ‘उंदीर खाणारे’ अशी चिडवाचिडवी चालते आणि बाकीचे हसतात. मला ते हसणं फार स्वस्त वाटतं. महाराष्ट्रात विशेष दुर्बल आदिवासी गटांत मोडणारे तीन समाज आहेत, कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. बहुतेकांकडे स्वतःची शेती नाही, कापणी संपली की अनेक कुटुंबं वीटभट्टीवर जातात. बिळातले ते दाणे कुणाच्या तरी शेतातून घुशीने आधीच पळवलेले असतात. बीळ खणलं की शेतकऱ्याची घूस जाते, त्यासाठी त्याला विषाची पुडी आणावी लागत नाही. आणि कुठलं बीळ भरलेलं, कुठलं रिकामं, घूस कुठल्या तोंडाने बाहेर पडेल, हे बांधावर उभं राहून ओळखणं तुम्हा-आम्हाला झूऑलॉजीच्या जर्नलमध्ये सापडायचं नाही.