इझमीर : एजियन सागरतीरीचे जागते बंदर
तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील इझमीर, म्हणजे प्राचीन स्मिर्ना, पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशाने प्रथम केमेराल्ती बाजारात शिरावे. कारण १७४४ साली उस्मानी अमदानीत बांधलेल्या किझलाराआसी सराईच्या प्रांगणात कॉफीचा दरवळ घेत बसले असता, ज्या व्यापाराने तुर्क, ग्रीक, आर्मेनियन, यहुदी आणि युरोपीय सौदागर येथे एकत्र आणले, त्याचे स्वरूप ग्रंथांपेक्षाही अधिक स्पष्ट होते. स्पेनमधून हद्दपार झालेल्या यहुद्यांचा वारसा असलेला बोयोज हा खुसखुशीत पदार्थ येथे न्याहारीला उकडलेल्या अंड्यासह खातात, आणि तो अवश्य खावा. १९२२च्या सप्टेंबरातील भीषण अग्निकांडात ग्रीक व आर्मेनियन मोहल्ले भस्मसात झाले. आजच्या प्रसन्न सागरतटामागे ही वेदना आहेच. संध्याकाळी कोनाकच्या धक्क्यावरून बोटीने कार्शियाकाला जावे, म्हणजे टेकड्यांवर पसरलेले सबंध शहर दृष्टीच्या टप्प्यात येते.