जुन्या पिकअपचे डिझेल जाते कोठे?



आमच्या पहूरहून जळगाव चाळीसेक किलोमीटर, आणि दुसऱ्या अंगाला फर्दापूर ओलांडले की अजिंठ्याचा घाट. या दोन्ही बाजूंना कापूस, खत, उसाचे बेणे वाहून माझी टाटा 207 डीआय पिकअप म्हातारी झाली. इंजिन चार सिलिंडरचे, जवळपास तीन लिटरचे. ताकदीला कमी नाही, पण अलीकडे डिझेल फार पिऊ लागली. ती मोडीत काढून कर्जाने नवी घ्यायचे घरात जवळजवळ ठरलेच होते. म्हटले, विकण्याआधी डिझेल जाते कोठे ते तरी पाहू.

पहिले काम मोजण्याचे. काट्यावर विश्वास ठेवू नये. टाकी फुल्ल करावी, किलोमीटर टिपावे, तीन-चारशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी. असे तीनदा केले, तेव्हा लिटरला साडेसात किलोमीटर निघाले.

मिस्त्रीने बॉनेट उघडलेच नाही. जॅक लावून एकेक चाक उचलले आणि हाताने फिरवून पाहिले. मागचे डावे चाक अर्ध्या फेऱ्यातच थांबले. "भाऊ, तुम्ही ब्रेक दाबूनच जळगावला जाऊन राह्यले," तो म्हणाला. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, म्हणून ब्रेक चिकटत होता. दुरुस्ती किरकोळच होती. मी मात्र कित्येक महिने इंजिनाला दोष देत होतो.

मग टायर. खान्देशच्या उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने आपण हवा कमी ठेवतो. हे उलटे आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटायचाही तोच आधी. हवा सकाळी, गाडी थंड असताना, भारानुसार कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी.

दुसरी खोड थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. इंजिन तापू नये म्हणून माझ्या गाडीचा कोणीतरी काढून फेकला होता. त्यामुळे इंजिन योग्य उष्णतेला यायला उशीर लागतो आणि तोवर डिझेल नीट जळत नाही. नवा बसवला, रेडिएटर साफ केला. मे महिन्यातही गाडी तापली नाही.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल, अर्थात पैसाच. एअर फिल्टर कापसाच्या धुळीने भरला होता, तो बदलला. नोझल तपासून घेतले. ताकद वाढावी म्हणून काहीजण पंप वाढवून घेतात, त्यातूनही हाच धूर निघतो. डिझेलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक मी घेतले नाहीत.

राहिला प्रश्न चालवण्याचा. इंधन बचतीसाठी केंद्र सरकारने 1978 मध्ये पी.सी.आर.ए. ही संस्था काढली. ताशी 45 ते 55 किलोमीटर वेग ठेवावा, असा तिचा सल्ला आहे. वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि आपल्या पिकअपचे तोंड तर भिंतीसारखे सपाट!

घाट उतरताना न्यूट्रल करण्याची सवय मात्र जिवावरची. त्यात बचतही नाही. गाडी गियरमध्ये ठेवून पाय काढला की चाकेच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच, वर सगळा भार ब्रेकवर. ते तापून निकामी झाले तर अजिंठ्याच्या वळणावर काय होईल, हे सांगायला नको.

तीन महिन्यांनी पुन्हा त्याच रीतीने मोजले, साडेनऊ भरले. माझे महिन्याचे बाराशे किलोमीटर होतात. पूर्वी 160 लिटर लागत, आता 126 च्या आसपास. विक्रीचा विषय घरात सध्या निघत नाही. मागचा फाळका गंजला आहे, तेवढा दिवाळीआधी बदलायचा आहे.